ऋण आयन हेरणारे फ्लुओरेसंट सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीचे विद्यार्थी, शाळेतले विज्ञान शिक्षक आणि यवतमाळ-चंद्रपूर-नांदेडकडचे बोअरचं पाणी पिणारे वाचक, या तिघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्न फ्लोराइडबद्दल असतात, म्हणून उदाहरणंही बहुतेक फ्लोराइडचीच आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्लुओरेसंट सेन्सर म्हणजे नेमकं काय? हे एखादं यंत्र असतं का?

यंत्र नाही, तो एक रेणू असतो. त्याचे दोन भाग असतात. एक भाग विशिष्ट आयनाला धरून ठेवतो. दुसरा भाग अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणजे चमकतो. पहिल्या भागात आयन येऊन बसला की दुसऱ्याची चमक वाढते, विझते किंवा तिचा रंग बदलतो. आपण बघायचा तो हा बदल.

फ्लोराइड, क्लोराइड, नायट्रेट, फॉस्फेट, सल्फेट, सायनाइड हे सगळे ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण. यात एक योगायोग मला फार आवडतो. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली या चमकेला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिलं ते फ्लुओरस्पार या खनिजावरून. हे खनिज म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. खडकातल्या याच खनिजातून, आणि अ‍ॅपेटाइट, बायोटाइट यांसारख्या इतर खनिजांतून, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड उतरतं.

२. शाळेत किंवा घरी हे दाखवता येईल का?

येईल, आणि जरूर दाखवा. क्विनीन असलेलं टॉनिक वॉटर, यूव्ही टॉर्च, मीठ आणि साखर एवढंच लागतं. टॉनिक वॉटर तीन ग्लासांत ओतून अर्धा तास उघडं ठेवा. त्यातला गॅस निघून गेला पाहिजे, नाहीतर मीठ टाकताच फेस येतो आणि काही दिसत नाही. मग खोलीत अंधार करून टॉर्च लावा. तिन्ही ग्लास निळे उजळतात.

पहिल्या ग्लासात चमचाभर मीठ टाकून ढवळा. ढवळता ढवळता निळाई उतरत जाते, आणि मीठ विरघळलं की शेजारच्या ग्लासापेक्षा तो स्पष्ट फिका दिसतो. दुसऱ्यात तेवढीच साखर टाका, काही होत नाही. तिसरा तसाच ठेवा. मिठातल्या सोडियमने हे केलं की क्लोराइडने, असं एखादी चुणचुणीत मुलगी विचारणारच. तिच्यासाठी केमिस्टकडून थोडं एप्सम सॉल्ट आणून ठेवा. ते मॅग्नेशियम सल्फेट असतं, म्हणजे मीठासारखा क्षारच, पण त्यात क्लोराइड नाही. ते टाकल्यावर चमक टिकते. उत्तेजित क्विनीनला क्लोराइड येऊन आदळतो आणि क्विनीनने घेतलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. ऋण आयनाचा सगळ्यात साधा फ्लुओरेसंट सेन्सर तो हाच.

३. यूव्ही टॉर्च कोणता घ्यायचा?

३६५ नॅनोमीटरचा. नोटा तपासायचे स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ चे असतात. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका असतो की क्षीण चमक त्यात बुडून जाते. मुलांच्या डोळ्यांवर टॉर्च येऊ देऊ नका.

४. रंग बदलणारं किट असताना चमकणाऱ्या सेन्सरची गरज काय?

फ्लोराइडच्या बऱ्याच किटमध्ये झिर्कोनियम आणि एका रंगद्रव्याचं लाल संयुग असतं. फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेतो आणि लाल रंग फिका पडतो. ही पद्धत चांगली आहे, मी तिला कमी लेखत नाही. अडचण अशी की लालातला थोडासा फिकेपणा डोळ्यांना नीट कळत नाही. उजेडात जरा कमी उजेड ओळखणं कठीण, अंधारात एक काजवा ओळखणं सोपं. म्हणून रंगाची पद्धत जिथे थांबते त्याच्या बरंच खाली चमकेची पद्धत पोचू शकते. शिवाय जिवंत पेशीच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं असेल तर चमकच उपयोगी पडते (प्रश्न १४).

५. आयन बसल्यावर चमक चालू-बंद कशी होते?

मार्ग अनेक आहेत. सगळ्यात जास्त वापरला जातो तो प्रकाशामुळे होणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या उडीचा, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘पेट’ (फोटोइंड्यूस्ड इलेक्ट्रॉन ट्रान्सफर). रंगद्रव्याने प्रकाश घेतला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली जागा रिकामी होते. शेजारच्या नायट्रोजनकडे मोकळी जोडी असेल तर तिच्यातला इलेक्ट्रॉन ती जागा पटकावतो. वर गेलेल्याला प्रकाश टाकत परत यायला जागाच उरत नाही, आणि चमक विझते. ती नायट्रोजनची जोडी कशात तरी अडकवून टाकली की चमक परत येते.

अमेरिकेत अँथनी झार्निक यांच्या गटाने १९८९ साली हेच फॉस्फेटसाठी केलं. अँथ्रॅसीनला जोडलेली अमाइनची शेपटी फॉस्फेटला धरते, फॉस्फेट आपला प्रोटॉन त्या मोकळ्या नायट्रोजनकडे सरकवतो आणि अँथ्रॅसीन उजळतं. पकड फार घट्ट नव्हती, पण हे पाण्यात घडलं. प्रश्न ८ वाचलात की या एका वाक्याचं मोल कळेल.

ऋण आयनांचे अनेक सेन्सर मात्र उलटे वागतात. युरिया किंवा थायोयुरियाच्या गटाजवळ ऋण आयन आला की तो गट आणखी इलेक्ट्रॉन देऊ लागतो, उडी सोपी होते आणि चमक विझते.

दुसरा मार्ग पायरीनचा. पायरीनचे दोन चपटे रेणू एकमेकांवर बसले तर ४८० नॅनोमीटरच्या आसपास निळसर हिरवे चमकतात, एकटे असले तर ३८० ते ४०० च्या दरम्यान. आयनाने त्यांना जवळ आणलं किंवा दूर केलं की रंगच बदलतो. या दुसऱ्या जातीच्या सेन्सरवर माझा जास्त विश्वास आहे. कारण प्रश्न १३ मध्ये.

६. धन आयनांचे सेन्सर भरपूर आहेत. ऋण आयनांचेच इतके अवघड का?

पहिलं कारण पाणी. फ्लोराइड आणि पोटॅशियम यांचा आकार जवळपास सारखा: त्रिज्या १.३३ आणि १.३८ अँगस्ट्रॉम. पण फ्लोराइडभोवती पाण्याचे रेणू कितीतरी घट्ट चिकटतात. त्यांना बाजूला सारल्याशिवाय सेन्सरला फ्लोराइडपर्यंत पोचता येत नाही. पाण्यात शिरताना मुक्त होणारी ऊर्जा फ्लोराइडसाठी मोलमागे सुमारे ४६५ किलोज्यूल, क्लोराइडसाठी ३४० आणि सल्फेटसाठी १०८० च्या घरात आहे.

दुसरं कारण आकार. धातूंचे साधे आयन गोल असतात. ऋण आयनांत हॅलाइड गोल, सायनाइड सरळ काडीसारखा, नायट्रेट चपटा त्रिकोणी, फॉस्फेट आणि सल्फेट चतुष्फलकी. प्रत्येकाला वेगळं घरटं बांधावं लागतं. तिसरं कारण पीएच: पीएच बदलला की फॉस्फेट, सायनाइड, फ्लोराइड प्रोटॉन घेऊन वेगळंच रूप धारण करतात.

७. मग सेन्सर आयनाला पकडतो तरी कसा?

हायड्रोजन बंधाने: युरिया, थायोयुरिया, पायरोल. बोरॉनने: त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची एक जागा रिकामी असते आणि फ्लोराइड नेमका तिथे बसतो. धातूने: झिंकच्या दोन अणूंची जोडी पायरोफॉस्फेटला पाण्यातही घट्ट धरते. आणि चौथा मार्ग, आयनाने रेणूवर रासायनिक अभिक्रियाच करायची (प्रश्न १०).

८. शोधनिबंधात ‘फ्लोराइडसाठी अतिसंवेदनशील’ असं लिहिलेलं असतं. मग आमच्या बोअरच्या पाण्यात तो सेन्सर मुका का होतो?

मला सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हा. उत्तर निबंधाच्या प्रयोग विभागात, बारीक अक्षरांत असतं: प्रयोग डीएमएसओ किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल अशा कोरड्या सेंद्रिय द्रावकात केलेला असतो आणि फ्लोराइड टीबीएएफ या सेंद्रिय क्षाराच्या रूपात घातलेला असतो. तिथे फ्लोराइड उघडा असतो, कशालाही चिकटायला आसुसलेला. तुमच्या बादलीत तो तसा नसतो.

हिशोब करून पाहा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. फ्लोरिनचं अणुवस्तुमान १९, म्हणजे ही मात्रा साधारण ७९ मायक्रोमोलर. पाणी स्वतः ५५.५ मोलर. एका फ्लोराइडमागे पाण्याचे सुमारे सात लाख रेणू झाले, आणि त्यातला प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधासाठी सेन्सरशी स्पर्धा करतो. युरियाचे दोन हायड्रोजन तिथे टिकाव धरत नाहीत.

मी स्वतः हे पहिल्यांदा पाहिलं ते एका संध्याकाळी. अ‍ॅसिटोनायट्राइलमधल्या आमच्या सेन्सरमध्ये फ्लोराइड घातलं होतं आणि कुपी यूव्हीखाली लख्ख नारिंगी होती. त्यात ड्रॉपरने नळाच्या पाण्याचे थेंब टाकत गेलो. पाचव्या-सहाव्या थेंबाला नारिंगी रंग मावळून पहिल्यासारखा निळा झाला. फ्लोराइड कुपीतच होतं, पण पाण्याने ते परत घेतलं होतं. तेव्हापासून कुठलाही निबंध हातात आला की मी आधी द्रावक बघतो, आलेख नंतर.

पाण्यात काम करणारे सेन्सर नाहीतच असं मात्र नाही. टेक्सासमध्ये फ्रांस्वा गबाय यांच्या गटाने बोरॉनच्या शेजारी धनप्रभारित फॉस्फोनियम गट बसवला. बोरॉनची पकड आणि धनप्रभाराची ओढ एकत्र आल्यावर पाणी-मिथेनॉलच्या मिश्रणातही फ्लोराइड धरला जातो. युरोपियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंचे तांबडे चमकणारे सेन्सरही पाण्यात वापरता येतात. त्यांची चमक मिलिसेकंदाच्या हिशोबात टिकते, त्यामुळे इतर कचऱ्याची क्षणिक चमक ओसरू देऊन मग मोजता येतं.

९. आमचा सेन्सर फ्लोराइड, अ‍ॅसिटेट आणि हायड्रॉक्साइड तिघांनाही तोच रंग देतो. चूक कुठे झाली?

बहुतेक वेळा सेन्सरने आयन पकडलेलाच नसतो, आयनाने सेन्सरचा प्रोटॉन काढून नेलेला असतो. कोरड्या द्रावकात फ्लोराइड हा जबर अल्क असतो. एक फ्लोराइड प्रोटॉन ओढतो, दुसरा येऊन त्याला बायफ्लोराइड बनवतो. जो रंग दिसतो तो प्रोटॉन गमावलेल्या सेन्सरचा. म्हणून कुठलाही पुरेसा जबर अल्क तोच रंग देतो.

खात्री करायची असेल तर प्रोटॉन एनएमआर घ्या. युरियाचा एनएच सिग्नल नाहीसा होऊन १६ पीपीएमच्या आसपास त्रिक दिसलं तर ते बायफ्लोराइड आहे. सिग्नल नुसता पुढे सरकला तर हायड्रोजन बंध. टायट्रेशनमध्ये थोडा टेट्राब्युटिलअमोनियम हायड्रॉक्साइड घालून बघणं त्याहून सोपं: वर्णपट तंतोतंत जुळला तर शीर्षकात ‘फ्लोराइडसाठी निवडक’ लिहू नका. प्रोटॉन काढण्याची प्रक्रिया उपयोगाची असू शकते, पण ती निवड नव्हे.

१०. सिलिकॉनवाल्या सेन्सरला इतका वेळ का लागतो? तो पुन्हा वापरता येतो का?

तो पुन्हा वापरता येत नाही. या सेन्सरमध्ये चमकणारा गट सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाने झाकलेला असतो. फ्लोराइडला सिलिकॉनची प्रचंड ओढ, तो बंध तोडतो, झाकण निघतं आणि चमक येते. निघालेलं झाकण परत बसत नाही. काडेपेटीतल्या काडीसारखा हा एकदाच पेटतो.

निवड मात्र उत्तम असते, कारण सिलिकॉनशी असं वागणारा दुसरा नेहमीचा ऋण आयन नाही. पाण्यात फ्लोराइड पाण्याच्या वेढ्यात असल्याने वेळ लागतो, कधी तासन्‌तास. सीटॅबसारख्या साबणी पदार्थाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन जे सूक्ष्म पुंजके (मायसेल) बनवतात, त्यांत सेन्सर ठेवला तर अभिक्रिया पुष्कळ लवकर होते. आलेखात किती मिनिटांनी मोजलं ते लिहायला विसरू नका.

११. नालगोंडा पद्धतीने शुद्ध केलेलं पाणी आहे. सेन्सर फ्लोराइड कमी दाखवतो, प्रयोगशाळा जास्त. खरं कोण?

दोघंही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या पद्धतीत तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवतात. पाण्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम उरलं तर ते काही फ्लोराइडला धरून ठेवतं. सेन्सरला दिसतो तो मोकळा फ्लोराइड. प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोडलाही खरं तर मोकळाच दिसतो, पण तिथे मोजण्याआधी टिसॅब नावाचं द्रावण घालतात. ते पीएच ५ ते ५.५ ला बांधून ठेवतं आणि अ‍ॅल्युमिनियमला स्वतःकडे घेऊन फ्लोराइड सोडवतं. सेन्सरची तुलना करायची तर नमुन्याला तीच वागणूक द्या. पाणी फार आम्लधर्मी असेल, पीएच साधारण ३ च्या खाली, तर बराचसा फ्लोराइड हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या रूपात दडतो.

१२. सायनाइडचा सेन्सर किती उपयोगाचा? घरी तपासता येईल का?

घरी नाही, कृपया करू नका. सायनाइडच्या नमुन्यात आम्ल पडलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो जीव घेतो.

रसायनशास्त्र म्हणून विषय सुंदर आहे. सायनाइड कार्बनवर हल्ला करतो, त्यामुळे सेन्सरमधल्या दुहेरी बंधावर तो जाऊन बसतो आणि रंगद्रव्याची साखळी तुटते. दुसरा मार्ग तांब्याचा: तांब्याने विझवलेल्या रंगद्रव्यातून सायनाइड तांबं काढून नेतो आणि चमक परत येते. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे १.९ मायक्रोमोलर. इथे एक बारकावा सुटतो. हायड्रोजन सायनाइडचा पीकेए ९.२ आहे, म्हणजे पीएच ७ ला ९९ टक्क्यांहून जास्त सायनाइड प्रोटॉनसह असतो आणि हल्ला करायला मोकळा सायनाइड अगदी थोडा उरतो. कोणत्या पीएचला मोजलं हे न सांगणारा आकडा अपुरा समजा.

१३. चमक कमी झाली म्हणजे आयन आहे, असं धरायचं का?

नाही. चमक विझण्याची कारणं पुष्कळ असतात. गढूळपणा, पाण्यातलं लोह, तापलेला नमुना, टॉर्चखाली फार वेळ ठेवल्याने जळलेलं रंगद्रव्य. विहिरीच्या पाण्यातला कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश स्वतःच निळा चमकतो, त्यामुळे उलट चूकही होते. नुसत्या ‘विझणाऱ्या’ सेन्सरने विहिरीच्या पाण्याचा निकाल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दोन तरंगलांबींवर मोजून त्यांचं गुणोत्तर घेणारा सेन्सर बरा. गढूळपणाने दोन्ही आकडे साधारण सारखे घटतात आणि गुणोत्तर पुष्कळसं टिकतं. आणि नेहमी त्याच पाण्याच्या नमुन्यात ठाऊक असलेलं फ्लोराइड घालून परत मोजा. घातलं तेवढं वाढलं नाही, तर पाण्यात काहीतरी आडवं येतंय.

१४. शरीरात यांचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि मला वाटतं या विषयातलं सगळ्यात देखणं काम तिथेच झालं आहे. प्रश्न २ मधल्या क्विनीनच्या चुलतभावंडांनी, म्हणजे क्विनोलिनियम रंगद्रव्यांनी, १९८० च्या दशकापासून पेशीतला क्लोराइड मोजला जातो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशीच्या पडद्यातलं क्लोराइडचं दार बिघडतं. घामात क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त निघाला तर डॉक्टर या आजाराच्या दिशेने बघतात. त्या दारावर औषधाचा परिणाम होतो का, हे पेशीत पाहायला असे सेन्सर कामी येतात.

बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात काम केलेल्या आणि नंतर शिकागो विद्यापीठात गेलेल्या यमुना कृष्णन यांच्या गटाने डीएनएच्या धाग्यांवर क्लोराइडने विझणारं एक रंगद्रव्य आणि क्लोराइडला दाद न देणारं दुसरं, अशी जोडी बसवली. नाव क्लेन्सर, साल २०१५. पेशीच्या आतल्या लायसोसोमसारख्या चिमुकल्या कप्प्यात किती क्लोराइड आहे ते या जोडीच्या गुणोत्तरावरून कळतं. प्रश्न १३ मधलंच तत्त्व, पण किती नाजूक जागी!

१५. नायट्रेटसाठी असा सेन्सर का सुचवत नाही?

कारण नायट्रेट कुणालाच घट्ट धरत नाही. तो कमकुवत अल्क, प्रभार तीन ऑक्सिजनांवर पसरलेला. लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा तपासायला प्रयोगशाळेतल्या प्रचलित पद्धती पुरेशा आहेत.

१६. एमएस्सी प्रोजेक्टमध्ये परीक्षक काय विचारतील?

शोधमर्यादा कशी काढली ते. सूत्र सोपं: कोऱ्या नमुन्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले आलेखाचा उतार. पण कोरा नमुना निदान दहा वेळा मोजा, आणि डीएमएसओत काढलेली मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या मानकाशेजारी ठेवू नका. दुसरं, फक्त जॉब आलेखावरून (सेन्सर आणि आयन यांची एकूण मात्रा तीच ठेवून काढलेल्या) एकास एक प्रमाण ठरवू नका. पकड कमकुवत असेल किंवा एकाहून अधिक संयुगं बनत असतील तर तो फसवतो. टायट्रेशनचा सगळा विदा वेगवेगळ्या प्रारूपांवर बसवून बघा आणि उरलेल्या चुका दाखवा. टीबीएएफ बाटलीतून काढताना ते पाणी शोषतं, हे वहीत लिहिलेलं असलं तर परीक्षकाला बरं वाटतं.

१७. आमच्या गावात मुलांचे दात पिवळे-तपकिरी होत आहेत. सेन्सरची वाट बघायची का?

अजिबात नाही. असे दात पाण्यात जास्त फ्लोराइड असल्याची खूण असू शकतात. जल जीवन मिशनखाली गावातल्या महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षण दिलं जातं. ग्रामपंचायतीत विचारा, त्या किटने प्राथमिक तपासणी करा आणि फ्लोराइडचा आकडा लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर दिसला तर नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेल्याने तो थोडा दाट होतो. ज्या बोअरवर शंका आहे तिचं पाणी निकाल येईपर्यंत निदान लहान मुलांच्या पिण्यात आणि डाळ-भाताच्या भांड्यात घेऊ नका, अंघोळीला आणि धुण्याला चालेल. नमुना न्यायला काचेची नाही, प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या. पंप पाच मिनिटं चालू द्या, त्याच पाण्याने बाटली दोनदा विसळा, मग भरा आणि बाटलीवर बोअरची जागा आणि तारीख लिहा.